सामाईक छत्री

माण तालुक्यातील ज्या गावातून मी शिक्षणासाठी मुंबईस आलो, तेथे पावसाविषयी अनुदार उद्गार काढणे हे कुलदैवताची निंदा करण्याइतकेच निषिद्ध मानले जाते. पश्चिमेकडून येणारे सारे मेघ सह्याद्रीने महाबळेश्वरावर अडवून रिते करून घ्यावेत आणि त्यांतून जे काही चुकार, थकलेले, दिवाळे निघालेले ढग उरतील तेवढेच पूर्वेकडे आमच्या वाट्यास सोडावेत, अशी निसर्गाची पुरातन वहिवाट असल्यामुळे, वर्षाकाठी वीस इंच पाऊस पडला तर आमच्याकडे त्या वर्षाची आठवण पुढे दहा वर्षे काढली जाते. मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरड्या जातात, तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस हे दोघेही पाहुण्यासारखे वेशीवरूनच परत फिरतात आणि पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक लिहिले आहे की म्हैस, यावर पारावर जी चर्चा चालते तिच्यात प्रत्यक्ष पाण्याचा थेंबही नसतो. असल्या मुलखात छत्री ही वस्तू मी पाहिली होती ती केवळ शाळा तपासण्यास येणाऱ्या साहेबांच्या काखेत. आणि तेही तिचा उपयोग उन्हासाठी व गावच्या कुत्र्यांसाठी करीत.

अशा स्थितीत १९६२ सालच्या जून महिन्यात मी नायगावच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावरील खोलीत चौथा भिडू म्हणून दाखल झालो, आणि आठवड्याच्या आत मुंबईचा पहिला पाऊस आला. आमच्याकडील शिरस्त्याप्रमाणे मी तत्काळ खाली धावलो आणि चाळीच्या चौकात दोन्ही हात पसरून, तोंड वर करून, भक्तिभावाने उभा राहिलो. पहिल्या मजल्याच्या कठड्याशी विडी ओढीत असलेल्या एका गिरणीकामगाराने शांतपणे शेजाऱ्यास म्हटले, “नवा आलाय वाटतं.”

चौथ्या दिवशीही पाऊस पडतच होता. नवव्या दिवशीही होता. पंधराव्या दिवशी माझ्या मनात पावसाविषयी जो विचार आला, तो मी माणमध्ये कोणापाशीही उच्चारू शकलो नसतो.

पहिला बळी पडल्या त्या माझ्या कोल्हापुरी वहाणा. मुलगा मुंबईस चालला म्हणून आबांनी त्या मुद्दाम करवून घेतल्या होत्या आणि त्यांची करकर अशी होती, की मी देवळाकडून निघालो म्हणजे घरी आई चहा टाकीत असे. मुंबईच्या पावसात पहिल्या दिवशी त्या मुक्या झाल्या. दुसऱ्या दिवशी त्या तव्यावरील भाकरीसारख्या फुगल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचे तळ एकेक पदर सुटून पोथीच्या पानांप्रमाणे उलगडू लागले. आणि हिंदमाताच्या कोपऱ्यावर, घोटाभर पाण्यात, डाव्या वहाणेचा शेवटचा पदर माझ्या देखत तरंगत गेला असता एका कुत्र्याने तो मोठ्या अदबीने तोंडात धरून समोरच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन खाल्ला. उरलेली उजवी वहाण मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली व खिडकीत वाळत घातली. ती दसऱ्यापर्यंत वाळली नाही. मात्र तिच्यावर जी हिरवी बुरशी उगवली ती पाहून, आमच्या शिवारात इतके हिरवे मी कधी पाहिले नव्हते, या विचाराने मला भरून आले.

खोलीतील अन्य वस्तूंची कथा निराळी नव्हती. मिठाचे पाणी झाले होते आणि काडेपेटीतील काडी ओढली असता गुलाचा चिखल बोटाला लागे. घरी पत्र पाठवण्यासाठी आणलेली पाकिटे आत काहीही न घालता आपापल्या हिमतीवर बंद होऊन बसली होती. माझ्यापाशी विजारी दोन. एक अंगावर भिजत असे व दुसरी दोरीवर भिजत असे. स्टोव्हवर तापवलेल्या पितळी तांब्याने त्यांना इस्त्री करू लागलो, की त्यांच्यातून जो वाफेचा लोट व जो कुबट दर्प निघे, तो घेऊन मी महाविद्यालयात पहिल्या बाकावर बसे आणि दुसरा व तिसरा बाक आपोआप रिकामा होई.

तेव्हा छत्री घेतली पाहिजे, हा ठराव खोलीत एकमताने संमत झाला. अडचण पैशाची होती. खाणावळीचे, खोलीभाड्याचे आणि फीचे पैसे वजा जाता महिनाअखेर कोणाच्याही खिशात जी शिल्लक उरे तिला छत्रीची मूठदेखील आली नसती. सबब चौघांत मिळून एक छत्री घ्यावी, अशी तजवीज निघाली. ती काढणारा गृहस्थ कायद्याचा विद्यार्थी आणि एका तलाठ्याचा चिरंजीव होता. त्यास आम्ही दफ्तरदार म्हणत असू. दुसरा वैद्यकाचा विद्यार्थी, म्हणून धन्वंतरी. तिसरा मालवणी. हा मात्र छत्रीच्या कल्पनेनेच अपमानित झाला.

“हेका पाऊस म्हणतत?” खिडकीबाहेर पाहून तो म्हणाला. “आमच्याकडे हेका दंव म्हणतत.”

त्या दंवाने त्याच रात्री त्यास असा ताप भरला, की सकाळी धन्वंतरीने नाडी धरताच त्याने उशाखालून आपल्या हिश्शाची रक्कम काढून दिली.

छत्री साडेसात रुपयांना मिळाली. काळे कापड, आठ काड्या आणि वेताची मूठ, असा तिचा थाट. आणि तिचा खटका इतका जोरदार, की दुकानातच तिने दुकानदाराचा चष्मा पाडला. प्रत्येकी एक रुपया सत्त्याऐंशी नवे पैसे याप्रमाणे वर्गणी काढली असता दोन नवे पैसे कमी पडले. ते दफ्तरदाराने तत्परतेने भरले, आणि त्या दोन नव्या पैशांच्या जोरावर तो पुढे वर्षभर स्वतःस ‘ज्येष्ठ हिस्सेदार’ म्हणवून घेत होता. मिळकत सामाईक झाली म्हणजे तिच्या मागोमाग तंटा येतो, हे त्याने वडिलांच्या दफ्तरात लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे, छत्री खुंटीला लावण्यापूर्वीच त्याने फुलस्केप कागदावर करारनामा तयार केला. शके १८८४, शुभकृत् नाम संवत्सर, आषाढ मास, अशी त्याची सुरुवात होती आणि ‘सदर छत्री’ हा शब्द त्यात एकवीस वेळा आला होता.

सोमवार आणि मंगळवार धन्वंतरीकडे, बुधवार व शनिवार ज्येष्ठ हिस्सेदाराकडे, शुक्रवार मालवण्याकडे, आणि गुरुवार व रविवार माझ्याकडे, अशी वहिवाट ठरली. आपल्या वारी पाऊस न पडल्यास त्याची बाकी पुढील आठवड्यास ओढता येणार नव्हती. छत्री वाऱ्याने उलटी झाली तर ती ज्याच्या हाती उलटी होईल त्याने ती सुलटी करून द्यावी, काडी मोडल्यास मोडणाऱ्याने आणि कापड फाटल्यास सर्वांनी सोसावे. सर्वांत वाद झाला तो पोटभाडेकरूंच्या कलमावर. छत्रीखाली तिऱ्हाईतास घेणे म्हणजे पोटभाडेकरू ठेवणे होय, व ते अन्य हिस्सेदारांच्या पूर्वसंमतीविना करता येणार नाही, असे दफ्तरदाराने वाचून दाखवताच धन्वंतरीने त्यास हरकत घेतली.

“वैद्यकीय निकड असली तर?”

दफ्तरदाराने टाक बाजूला ठेवला. “निकड कोणत्या वर्गात शिकते?”

धन्वंतरी लाजला, आणि कलम कायम झाले.

माझ्या गुरुवारांविषयी काय लिहावे? मुंबईत वर्षाकाठी ऐंशीहून अधिक इंच पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो, असे भूगोलाच्या पुस्तकात दिलेले आहे. पण त्यातील एकही इंच गुरुवारी पडत नाही, हे मात्र कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. बुधवारी सायंकाळी दफ्तरदार छत्रीखालून कोरडा ठणठणीत परत येई. बाहेर असा मुसळधार कोसळत असे की समोरची चाळ दिसू नये. मी मोठ्या आशेने झोपी जाई, आणि सकाळी उठून पाहतो तो आकाश स्वच्छ, निळे व निर्लज्ज! तथापि हक्क म्हणजे हक्क. न वापरलेली वहिवाट बुडते, हे दफ्तरदाराच्या तोंडून ऐकलेले असल्यामुळे, मी त्या लखलखीत उन्हात छत्री घेऊनच बाहेर पडत असे. लोक पाहत असत. एकदा एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाने माझ्याकडे, मग आकाशाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि आपल्यालाच काही ठाऊक नसावे अशा समजुतीने घाईघाईने घराकडे परतला.

उरलेल्या पाच दिवसांत पाऊस आणि मी यांच्यामध्ये काहीही नसे. आणि या पाच दिवसांतच मी मुंबई पाहिली. ज्यांच्यापाशी छत्री आहे ते लोक मुंबईत एका ठिकाणाहून निघतात व दुसऱ्या ठिकाणी पोचतात. मधले शहर त्यांना ठाऊक नसते. छत्रीहीन मनुष्य मात्र एका आडोशाकडून दुसऱ्या आडोशाकडे असा प्रवास करतो आणि प्रत्येक आडोशाला, सर निघून जाईपर्यंत, पंधरा मिनिटांपासून दोन तासांपर्यंत मुक्काम करतो. लवकरच माझ्या वहीत मुंबईचा एक कोरडा नकाशा तयार झाला. गेल्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी रोडवरील इमारतमालकांना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानी सोडण्याची सक्ती ज्यांनी केली, त्या अज्ञात नगररचनाकारांस मी रोज मनोमन मुजरा करीत असे. कारण आता दादाभाई नौरोजींचे नाव धारण करणाऱ्या त्या रस्त्याने बोरीबंदरपासून फाउंटनपर्यंत मनुष्यास जवळजवळ कोरडे जाता येते. फक्त जेथे आडव्या गल्ल्या येतात तेथे डोक्यावर वही धरून धाव मारावी लागते. या अंतराचे माप मैलांत नसून धावांत आहे. फाउंटनच्या पुढे कमानी तुटतात व मनुष्य देवाच्या हवाली होतो. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे घड्याळ पावसात दिसत नाही. फक्त टोले ऐकू येतात, आणि व्याख्यान बुडाल्याची वर्दी तेवढी मिळते.

या प्रवासात मानवी स्वभावाविषयीचा एक सिद्धान्त माझ्या ध्यानी आला. मुंबईत आडोशाला उभा असलेला मनुष्य आपण आडोशाला उभे आहोत, हे कधीही कबूल करीत नाही. सराफाच्या पडवीत शिरलेला कारकून कपाटातील चंद्रहाराकडे असा टक लावून पाहतो, की आत बसलेल्या सराफाने चहा मागवावा. औषधाच्या दुकानाच्या फळीखाली उभे राहिलेले प्रतिष्ठित गृहस्थ जुलाबाच्या बाटलीवरील मजकूर आमूलाग्र वाचतात. स्थानकात घुसलेले लोक, ज्या गावी त्यांचे कोणीही नाही अशा गावांच्या गाड्यांची वेळापत्रके बोटाने तपासतात. मी स्वतः धोबीतलावाजवळ एकदा सरीच्या भरात एका छपराखाली शिरलो आणि नेहमीच्या पद्धतीने समोरच्या मालाकडे चिकित्सक नजरेने पाहू लागलो. पॉलिश उत्तम होते, कड्या पितळी होत्या. दुकानदार जवळ आला, त्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि मृदू स्वरात विचारले, “किसके वास्ते?”

तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी शवपेट्यांच्या दुकानात उभा आहे. “अभी नक्की नहीं,” मी म्हणालो आणि भर पावसात बाहेर पडलो.

पण या सिद्धान्ताची खरी प्रचिती मला आली ती हायकोर्टात. १८७८ साली पुरी झालेली ती काळ्या दगडाची इमारत, तिच्या माथ्यावर न्याय आणि दया या दोन देवता भिजत उभ्या. आणि आत जाण्यास कोणासही मज्जाव नाही, न्यायदान उघड्यावर व्हावे हे तत्त्वच आहे, असे दफ्तरदाराकडून कळलेले. मी ओल्या अंगाने एका दालनात शिरलो व मागील बाकावर बसलो. वर पंखा फिरत होता. शर्ट वाळवण्याच्या दृष्टीने ते दालन सर्वोत्कृष्ट होते. पुढे एक वकीलसाहेब संथ इंग्रजीत बोलत होते आणि मला उमगले त्यावरून, एका शेजाऱ्याच्या पन्हाळीचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर पडावे की पडू नये, हा वाद कित्येक वर्षे चालला होता. बाकावर माझ्यासह आठ-नऊ मंडळी होती. सर्वांच्या मुद्रा गंभीर, कोणी हनुवटीवर हात टेकलेला, कोणी डोळे मिटून मुद्द्याचा विचार करणारा. मला त्यांच्याविषयी आदर वाटला. पन्हाळीशी यांचे केवढे हे जिव्हाळ्याचे नाते!

पाऊण तासाने पट्टेवाला आला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “तुमची केस कोणती?”

“माझी नाही. ऐकतो आहे.”

“ऐका की. पण बाहेरचा थांबला, म्हणून सांगायला आलो.”

तो हे शब्द अगदी कुजबुजला होता. तरीही पुढच्या क्षणी तो सबंध बाक, हनुवटीवर हात टेकलेल्या गृहस्थांसह, एकदम उठून उभा राहिला व आदबीने मान लववून बाहेर पडला. वकीलसाहेबांनी मागे वळून पाहिले. आपल्या युक्तिवादाचा हा परिणाम असावा, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

असाच एकदा मी काळ्या घोड्यापाशी सापडलो. त्या काळी सातवा एडवर्ड बादशहा तेथे आपल्या घोड्यावर बसून होता, तोही छत्रीविना. जवळच १९५२ साली उघडलेली जहांगीर कलादालनाची वास्तू, प्रवेश विनामूल्य. माझे चित्रकलेचे ज्ञान गणेशोत्सवाच्या पडद्यांपुढे गेलेले नव्हते. पण बाहेर असा काही कोसळत होता, की मी त्या दिवशी कोणत्याही कलेचा भोक्ता होण्यास तयार होतो. आत मी एका मोठ्या चित्रापुढे उभा राहिलो. उभा राहिलो म्हणजे ते चित्र दाराजवळ होते व तेथून आकाश दिसत असे. चित्रात करड्या रंगावर काळे डाग होते आणि एका कोपऱ्यातून काहीतरी खाली ओघळत होते. पाऊण तास गेला. दाढी वाढलेला एक कृश तरुण बराच वेळ माझ्याकडे दुरून पाहत होता. तो अखेर जवळ आला.

“आपल्याला यात काय दिसतं?”

मी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिले. जे मला दिवसरात्र खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीवर दिसे, तेच दिसत होते. “ओल,” मी म्हणालो.

त्याचे डोळे पाणावले. तीन दिवसांत हजारो लोक येऊन गेले पण हे कोणाला कळले नाही, असे म्हणून त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि मग बराच वेळ आर्द्रता, अस्तित्व व अवकाश यांविषयी तो बोलला, त्यातील आर्द्रता तेवढी मला समजली. चित्राची किंमत तीनशे रुपये होती. मी अत्यंत जड अंतःकरणाने विचारले, “पाऊस थांबला का हो?”

तो क्षणभर स्तब्ध झाला. मग हळूच म्हणाला, “मीही तेच पाहतोय सकाळपासून. माझ्याकडे छत्री नाही.”

दालन बंद होताना, ते चित्र दुरुस्तीसाठी घरी न्यावयाचे म्हणून त्याने ते मेणकापडात गुंडाळले. आणि मग आम्ही दोघांनी एकेक टोक धरून ते डोक्यावर आडवे घेतले व बसथांब्यापर्यंत सुरक्षित पोचलो. चांगले साडेचार फूट रुंद चित्र होते. आधुनिक कला सामान्य माणसाच्या काही उपयोगाची नाही, असे कोणी म्हणू लागला की मी अजून त्यास हरकत घेतो.

खाणावळीचे वर्णन मी आटोपते घेतो, कारण तेथे पाऊस आत येई. लालबागच्या ज्या मावशींकडे आम्ही गिरणीकामगारांच्या पंगतीस जेवत असू, त्यांच्या छपरातून नेमक्या माझ्या ताटावर एक थेंब लयीत पडत असे. मी तक्रार केली.

“मावशी, आमटीत पाणी पडतंय.”

मावशींनी वाकून पाहिले. “पडंना का. आमटी कमी व्हतीया म्हणून तक्रार हाय का तुझी?”

या सर्व काळात गावाहून आबांची पत्रे येत. आबांना लिहिता येत नसल्यामुळे ती शाळेतील गुरुजी लिहीत आणि गुरुजींना पाल्हाळ आवडत नसल्यामुळे ती एकाच घाटाची असत: ‘अनेक उत्तम आशीर्वाद विशेष. इकडील सर्व क्षेम. पाऊस नाही. अभ्यास करणे.’ मी उत्तरात येथे पाऊस पुष्कळ आहे असे लिही. पुष्कळ म्हणजे किती, हे लिहिण्याचे धैर्य मला होत नसे. उपाशी माणसास लग्नाच्या पंगतीचे वर्णन कसे कळवावे? आणि मग ऑगस्टमध्ये एके सकाळी आबा स्वतःच दारात उभे राहिले. डोक्याला मुंडासे, अंगात लग्नातला कोट, आणि कोटाच्या आतील खिशात पिकांची पैसेवारी कमी धरून गावास अवर्षणग्रस्त ठरवावे व विहिरींसाठी तगाई द्यावी, असा शे-सव्वाशे सह्या-अंगठ्यांचा अर्ज. तालुक्यास दाद लागली नाही म्हणून गावाने त्यांना थेट फोर्टातील कचेरीत रवाना केले होते.

तो बुधवार होता, आणि बुधवार म्हणजे ज्येष्ठ हिस्सेदार. परंतु दफ्तरदाराने अर्ज वाचला मात्र, पित्याच्या दफ्तराच्या आठवणीने त्याचा ऊर भरून आला व ‘अतिथीस एक दिवसाची सवलत’ अशी नोंद करून त्याने छत्री आबांच्या हाती दिली. आम्ही ट्रामने निघालो. बोरीबंदरला उतरताच पावसाने जे झोडपण्यास आरंभ केला, ते पाहून मी म्हणालो, “आबा, छत्री उघडा.”

आबा फुटपाथच्या मधोमध थांबले. त्यांनी तोंड वर केले. “आरं, तीन वर्सांनी भेटतोय त्यो,” ते म्हणाले, “आन् त्येच्या तोंडाम्होरं ह्ये काळं धरू व्हय?”

मिटलेली छत्री काठीसारखी टेकीत, कमानी सोडून, मुद्दाम उघड्या रस्त्याच्या कडेने ते कचेरीपर्यंत चालत गेले. कोरड्या नकाशाचा निर्माता मी, त्यांच्या शेजारून भिजत गेलो.

कचेरीतील कारकुनाने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि त्याचे बूट खिडकीत वाळत होते. आबांनी कोटातून अर्ज काढून टेबलावर ठेवला. त्यातून पाण्याची एक बारीक धार निघून कारकुनाच्या दौतीपर्यंत गेली. तिकीट सुटून आबांच्या अंगठ्याला चिकटले होते. शाई कागदभर पसरून एक आकाशी रंगाचा, अतिशय प्रसन्न असा ढग तयार झाला होता, आणि सव्वाशे अंगठ्यांचा एकच थोरला अंगठा झाला होता.

“काय लिहिलंय यात?” कारकुनाने विचारले.

“पाऊस न्हाई म्हणून लिवलंय,” आबा म्हणाले.

कारकुनाने अर्जाकडे पाहिले. मग मुंडाशातून पाणी ठिबकत असलेल्या आबांकडे पाहिले, त्यांच्या पायाशी साचलेल्या थारोळ्याकडे पाहिले आणि शेवटी त्यांच्या हातातील कोरड्या, मिटलेल्या छत्रीकडे त्याची नजर खिळून राहिली. त्याला काहीतरी विचारावयाचे होते, पण सरकारी नोकरीत मनुष्य काय विचारू नये हे शिकतो. “पुन्हा लिहून आणा,” तो म्हणाला. “आणि पोस्टाने पाठवा.”

परतताना परळ ओलांडून आमची ट्राम हिंदमातापाशी उभी राहिली ती राहिलीच. भरतीची वेळ आणि पाऊस यांची गाठ पडली, की सखल भागातील गटारांचे पाणी समुद्र घेईनासा होतो आणि ते आले तसे रस्त्यावर परतते; त्या दिवशी ते पायरीला लागले होते. उतारूंपैकी कोणीही उतरेना, कारण सर्वांनी दादरपर्यंतचे तिकीट काढलेले होते. आबा खिडकीतून ते अथांग, गढूळ, वायफळ पाणी पाहत बसले होते. पाणी पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी पूर्वी एकदाच पाहिला होता. भाऊबंदकीत गेलेल्या जमिनीवरून जाताना.

“ह्ये पानी जातं कुटं?”

“समुद्रात, आबा.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “आन् समुद्रात कमी पडलंय व्हय?”

पुढच्या बाकावरील कंडक्टराने तिकिटांचा डबा मांडीवर घेऊन त्या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला, असे मला दिसले.

त्याच रात्री आबा पुण्याच्या पॅसेंजरने निघाले. मी बोरीबंदरवर त्यांना बसवून दिले, गाडी हलली, आबांनी खिडकीतून निरोपाचा हात हलवला. आणि त्या हातात छत्री होती. मी फलाटावरून धावलो. “आबा, छत्री! छत्री!” “हाय, हाय,” आबा ओरडले, “इसरलो न्हाई!” आणि गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आयुष्यात प्रथमच गुरुवारी पाऊस पडला आणि तो तीन दिवस थांबला नाही. दफ्तरदाराने मला सात दिवसांच्या मुदतीची रीतसर नोटीस दिली. ती एकाच खोलीत राहत असल्यामुळे त्याने स्वतःच उशाशी आणून ठेवली. धन्वंतरी दोन वार भिजून आल्यावर त्याची वैद्यकीय निकड दुसऱ्या कोणाच्या तरी छत्रीखाली जाऊ लागल्याचे वृत्त आले, आणि तो माझ्याशी बोलेनासा झाला. मालवण्याने मात्र भिंतीकडे तोंड करून, हेका पाऊस म्हणत नाय, एवढे एकच वाक्य त्या आठवड्यात उच्चारले. मी गावी पत्र टाकले, की छत्री चौघांची असून ती सत्वर परत यावी.

बाराव्या दिवशी उत्तर आले. अक्षर गुरुजींचे होते. ‘अनेक उत्तम आशीर्वाद विशेष. इकडील सर्व क्षेम. छत्री सुखरूप पोचली. उन्हास फार उत्तम आहे. गावात दुसरी नसल्याने मागणारे पुष्कळ, सबब तंटा नको म्हणून पाटील, गुरुजी, सोनार व आपण असे चौघांत वार लावून दिले आहेत. गुरुवार आपणांकडे आला आहे. पाऊस नाही. अभ्यास करणे.’

दफ्तरदाराने ते पत्र दोनदा वाचले. मग त्याने ट्रंकेतून करारनामा काढला, तो उघडताना दमट कागद घडीवर फाटला म्हणून त्यास खळ लावली, आणि पोटभाडेकरूंच्या रकान्यात टाकाने लिहिले: ‘तीन. संमती घेतलेली नाही.’